मेरी मोनार्कला जाताय? सामानाच्या आधी तालमीच्या हॉलचा विचार करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सिएटलजवळ राहता आणि काही वर्षांपासून हुला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, शिकता. तुमच्या हालाउला, म्हणजे हुलाच्या गुरुकुलाला, पुढच्या एप्रिलमध्ये हवाईतल्या हिलो गावी होणाऱ्या मेरी मोनार्क स्पर्धेचं निमंत्रण आलं आहे. वीस-बावीस जणींचा गट आहे, बहुतेक सगळ्या नोकरी आणि घर सांभाळून येणाऱ्या. कुमूंनी, म्हणजे तुमच्या गुरूंनी, प्रवासाची आणि तालमींच्या आखणीची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. तुम्ही विचारलंय की किती दिवस आधी पोचावं, वाद्यं आणि पोशाख कसे न्यावेत, आणि फुलं इथून न्यावीत की तिथेच घ्यावीत.

तिन्हींची उत्तरं देते. पण या तिन्हींच्या मागे एकच प्रश्न उभा आहे, आणि तो सुटला नाही तर बाकीचं सगळं चोख होऊनही उपयोग नाही. तो असा: घरच्या हॉलमध्ये बसलेला नाच परक्या जागी तसाच उभा राहील का? मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या एका हालाउमध्ये आधी नाचले आणि मग बरीच वर्षं आलाकाइ म्हणून, म्हणजे कुमूंच्या हाताखाली गटाकडून तयारी करून घेणारी म्हणून, काम केलं. बाहेरगावी गेलेल्या गटांचं काय बिघडतं हे जवळून पाहिलंय. पावलं सहसा कोणी विसरत नाही. बिघडतात त्या रांगा, श्वास आणि वेळ.

कारण सांगते. वर्षभर आपण एकाच खोलीत नाचतो. समोर आरसा असतो. डाव्या हाताला खिडकी, उजवीकडे दार. तिसऱ्या रांगेतली मुलगी कुठे उभं राहायचं ते फरशीवरच्या एका डागावरून ठरवते आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. आरशात शेजारणीचा हात दिसतो म्हणून हात एका उंचीवर राहतात. कुमूंचा चेहरा दिसतो म्हणून पुढचं कडवं आठवतं. हे सगळे टेकू हिलोच्या मंचावर एकदम काढून घेतले जातात. शाळेत लेझीम खेळलेल्या कोणालाही हे पटेल: पटांगण बदललं की आधी रांग मोडते, हात नंतर चुकतात.

हिलोची जागाही वेगळी आहे. एडिथ कानाकाओले स्टेडियमला वर छप्पर आहे, पण बाजू उघड्या आहेत. हिलो अमेरिकेतल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक. तुमचा नंबर आला असताना छपरावर पाऊस वाजू शकतो, आणि तो खरंच वाजतो. मंच उंचावर आहे, त्यावर रॅम्पने चढून जायचं असतं. प्रेक्षक फक्त समोर नसतात, बाजूंनाही असतात, आणि ओळखीची हालचाल किंवा आवडतं मेले, म्हणजे नाचाचं गीत, आलं की ते ओरडून दाद देतात. त्या आवाजात मागे बसलेल्या वादकांचा ठोका ऐकू येणं हीच पहिली परीक्षा.

म्हणून माझा पहिला सल्ला तालमीचा आहे. आजपासूनच आरशावर पडदा टाका. पडदा नसेल तर चादर लावा. दर दोन-तीन आठवड्यांनी दिशा बदला: आज समोर आरशाची भिंत, पुढच्या वेळी दाराची, त्यानंतर मागची. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, होऊ द्या. त्याच दिवशी कळतं की कोण मेले ऐकून नाचतंय आणि कोण शेजारणीकडे पाहून. नियमपत्रकात मंचाचं माप असतं, ते घेऊन एखाद्या शाळेच्या जिममध्ये किंवा पार्किंगच्या मोकळ्या जागेत दोरी लावून चौकोन आखा. मग हॉलच्या सवयीने घेतलेलं अंतर आणि मंचावर मिळणारं अंतर यांतला फरक डोळ्यांनी दिसेल. हॉल छोटा असला की काहोलोचं, म्हणजे बाजूला सरकण्याचं, पाऊल नकळत आखूड होतं. मोठ्या मंचावर तेच पाऊल घेतलं तर अख्खा गट मधोमध गोळा झालेला दिसतो.

रॅम्पवरून येणं म्हणजे काइ आणि मंचावरून जाणं म्हणजे होइ. यांना तुमच्या तालमीत किती वेळ मिळतो ते एकदा घड्याळ लावून पाहा. बहुतेक गट शेवटच्या दहा मिनिटांत ते उरकतात. पण परीक्षक काइ आणि होइलाही गुण देतात, आणि वेळेची मर्यादा ओलांडली की गुण कापले जातात. तुमच्या हॉलमध्ये दारापासून रांगेपर्यंत चार पावलं असतील, तिथे त्यापेक्षा बरीच जास्त असतील. वेळ मोजायची ती पहिल्या ओलीच्या, म्हणजे मंत्रासारख्या पठणाच्या, पहिल्या उच्चारापासून शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत. यावर्षीची मर्यादा आणि ती कुठून कुठपर्यंत मोजतात हे या वर्षीच्याच नियमपत्रकावरून घ्या. मागच्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

वादकांना, म्हणजे होओपाआंना, तालमीत गटाच्या मागे बसवा. घरी ते सोयीने बाजूला बसतात आणि मुली डोळ्याच्या कोपऱ्यातून इपूवरचा, म्हणजे भोपळ्याच्या वाद्यावरचा, हात पाहतात. इपू हेके जमिनीवरच्या गादीवर आपटला की खोल आवाज येतो, त्याच्या अंगावर बोटं मारली की टणक. हे दोन आवाज गोंगाटातून वेगळे ऐकू आले पाहिजेत. मोबाईलवर गर्दीचा आवाज मोठ्याने लावून तालीम घ्या. सुरुवातीला पोरकट वाटतं, पण चौथ्या-पाचव्या वेळी गट डोळ्यांवर भरवसा ठेवणं सोडतो.

आणखी एक. महिन्यातून एकदा सगळ्यांना मांडी घालून बसवा आणि हात अजिबात न हलवता पूर्ण मेले म्हणायला लावा. हात हलले की शब्द आपोआप येतात, त्यामुळे कोणाला शब्द येतात आणि कोणाला फक्त हात येतात ते कळत नाही. काहिकोमध्ये, म्हणजे हुलाच्या प्राचीन शैलीत, शब्द सगळ्यांत आधी. 1830 साली राणी काआहुमानूने हुलाच्या जाहीर सादरीकरणावर बंदी आणली होती. राजा कालाकाउआने 1883 च्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात हुलाला पुन्हा मानाने लोकांसमोर आणलं. त्याच राजाच्या लाडक्या उपाधीवरून या महोत्सवाला मेरी मोनार्क म्हणतात, आणि हुलाची स्पर्धा तिथे 1971 पासून होते. जी भाषा दाबली गेली होती ती या मंचावर उच्चारली जाते, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या आजी-आजोबांना शाळेत ती बोलायला मनाई होती. आपण बाहेरून आलेल्या मुली आहोत, म्हणून तर प्रत्येक दीर्घ स्वर आणि स्वरांमधला प्रत्येक तोड नीट आला पाहिजे. गुणांचा मुद्दा त्याच्या नंतर येतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. ईस्टरच्या रविवारपासून आठवडाभर महोत्सव चालतो. बुधवारी स्पर्धेबाहेरचं मोफत सादरीकरण, गुरुवारी एकल स्पर्धा, शुक्रवारी गटांचं काहिको, शनिवारी गटांचं आउआना, म्हणजे आधुनिक शैलीचं हुला, आणि निकाल. शनिवारी सकाळी गावातून मिरवणूकही निघते आणि रस्ते बंद होतात, हे गाड्यांचं नियोजन करताना लक्षात ठेवा. माझं मत असं की गटाने सोमवारी संध्याकाळपर्यंत हिलोत असावं, फार तर मंगळवारी दुपारपर्यंत. प्रत्येक हालाउला मंचावर तालमीची ठरावीक वेळ मिळते. तुमची वेळ कोणत्या दिवशी आहे ते कळल्यावर त्याच्या किमान एक पूर्ण दिवस आधी पोचायचं. विमानातून उतरून थेट मंचावर गेलेला गट त्या तालमीतून काहीच घेत नाही, फक्त घाबरून परत येतो.

लवकर पोचण्याचं दुसरं कारण घड्याळ. हवाईत उन्हाळी वेळ पाळत नाहीत, त्यामुळे एप्रिलमध्ये सिएटल हिलोच्या तीन तास पुढे असतं. स्पर्धा संध्याकाळी सुरू होते आणि रात्री उशिरापर्यंत चालते. तुमचा नंबर रात्री दहाला आला तर तुमच्या मुलींच्या शरीराला तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. कालच आलेल्या मुलीचे गुडघे त्या वेळी वाकत नाहीत, आणि काहिकोत गुडघे वाकलेलेच हवेत. म्हणून शेवटच्या दीड महिन्यात निदान काही तालमी रात्री नऊनंतर ठेवा, पूर्ण पोशाखात, आणि त्याआधी दोन-तीन तास नुसतं थांबायला लावून. स्पर्धेच्या दिवशी नाच काही मिनिटांचा असतो आणि वाट पाहणं कित्येक तासांचं. पाऊ, म्हणजे हुलाचा चुणीदार घागरा, घातल्यावर बसता येत नाही, चुण्या मोडतात. उभ्या उभ्या थकायचं नाही हे शिकावं लागतं. नोकरी करणाऱ्या मुलींना रात्रीच्या तालमी जड जातील, हे मला ठाऊक आहे. दर आठवड्याला नाही जमलं तर शेवटच्या महिन्यात शनिवारी रात्री ठेवा, पण अजिबात न ठेवता जाऊ नका.

आता हे सगळं परिस्थितीवर कुठे अवलंबून आहे ते सांगते. रजा किती मिळते, लहान मुलं कोणाकडे राहणार, पैसे किती जमलेत, हे प्रत्येक हालाउत वेगळं असतं. सगळ्यांना सोमवारी पोचणं जमणार नसेल तर अर्ध्या-अर्ध्या टोळ्या करू नका. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मंगळवारी या. रांगा जोडीने बसतात, जोडीतली एक जण नसेल तर दुसरीची तालीमही वाया जाते. आणि कुमूंचा निर्णय माझ्या सल्ल्याच्या वर. प्रत्येक हालाउची शिस्त आणि चालीरीत वेगळी असते, ती मला माहीत नाही आणि बाहेरच्याने ती बदलायला सांगू नये.

राहण्याची सोय मात्र आजच पाहा. हिलो छोटं गाव आहे, मोठी हॉटेलं बहुतेक बान्यन ड्राइव्हवर, आणि महोत्सवाच्या आठवड्याच्या खोल्या वर्षभर आधी भरतात. शक्य झालं तर स्वयंपाकघर असलेलं मोठं घर किंवा शेजारशेजारची दोन घरं घ्या. अंगण किंवा झाकलेला व्हरांडा असेल तर दुधात साखर, कारण लेइ, म्हणजे फुलापानांच्या माळा, करायला जागा लागते. सरळ हिलोचं विमान मिळणं अवघड असतं. होनोलुलूत बदलून या, नाहीतर बेटाच्या दुसऱ्या टोकाला कोनाला उतरून गाडीने या. कोनाचा रस्ता दोन ज्वालामुखींच्या मधून सुमारे 2,000 मीटर उंचीवरून जातो. दीड-दोन तासांचं अंतर आहे, वर धुकं आणि गारवा असतो. रात्री उशिरा उतरणाऱ्या गटाने तो रस्ता धरू नये.

वाद्यांचं सांगते. इपू हेके म्हणजे दोन भोपळे एकमेकांवर बसवलेले. जोडाच्या जागी ते सर्वांत नाजूक असतात. ते सामानात टाकायचे असतील तर कडक प्लास्टिकच्या पिंपात, आत मोजे-टीशर्ट भरून, बाहेरून चादरी गुंडाळून. कुमूंचा मुख्य इपू मात्र केबिनमध्येच न्या. विमान कंपनीला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या, गेटवरच्या माणसाशी वाद घालायची वेळ येऊ नये. पाहू म्हणजे चामड्याचा ढोल. सिएटलच्या गरम केलेल्या खोलीतून तो हिलोच्या दमट हवेत आला की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. पोचल्यावर त्याला एसीच्या खोलीत कोंडू नका, जिथे नाचणार तशाच हवेत एक-दोन दिवस ठेवा आणि मग ओढून घ्या. लवकर पोचण्याचं हे तिसरं कारण. उलीउलींची, म्हणजे पिसं लावलेल्या खुळखुळ्यांची, पिसं दाबली जाऊ नयेत म्हणून त्या स्वतंत्र खोक्यात, उभ्या. बिया, भोपळे, बांबू, पिसं हे सगळं स्वच्छ आणि कोरडं असावं, आणि हवाईला जाताना भरायच्या जाहीरनाम्यात वनस्पतींच्या वस्तू न लपवता लिहाव्यात.

पाऊ गुंडाळून, चुण्या हाताने बसवून, जुन्या नायलॉनच्या लांब मोज्यात सरकवायचा. चुण्या तशाच राहतात आणि जागा कमी लागते. प्रत्येकीचा पाऊ तिच्या स्वतःच्या हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅग एक दिवस उशिरा येऊ शकते, आणि तसा पोशाख हिलोत विकत मिळत नाही. दोन पाऊ जास्तीचे शिवून घ्या आणि इलॅस्टिक ओवायची सुई विसरू नका.

फुलांवर थोडं जास्त बोलते, कारण इथेच बाहेरून आलेले गट सगळ्यांत जास्त अडकतात.

इथून ताजी फुलं-पानं नेऊ नका. ती हवाईत तपासली जातात, अडवली जाऊ शकतात, आणि तिथल्या जंगलाला बाहेरच्या किडींचा धोका असतो. जे लागेल ते हिलोतच घ्या. हिलोच्या आसपास ऑर्किड, अँथुरियम, टी (ti) नावाच्या झुडपाची पानं, नेचे पिकवणारे लोक आहेत. पण त्या आठवड्यात सगळेच हालाउ तीच पानं मागतात, म्हणून मेले ठरलं की लगेच ऑर्डर द्या. मनगटाच्या, पायाच्या, गळ्याच्या आणि डोक्याच्या लेइ धरून एका मुलीला किती लागतं ते घरी एक संच बांधून मोजा, जितक्या जणी तितक्याने गुणा, वर थोडं जास्त धरा. रॅफियाने, म्हणजे ताडाच्या जातीच्या धाग्याने, गुंडाळून बांधण्याचा सराव इथे स्वस्तातल्या पानांवर करून घ्या, म्हणजे तिथे गुरुवारी रात्री कोणाला शिकवत बसावं लागणार नाही. काहिकोच्या लेइ आदल्या दिवशी बांधून ओल्या कागदात, कूलरमध्ये ठेवायच्या. बर्फाला टेकल्या तर पानं काळी पडतात.

ओहिआ लेहुआचा, म्हणजे ओहिआ या हवाईच्या जंगली झाडाच्या फुलाचा, प्रश्न वेगळा आहे. लाल लेहुआ अनेक मेलेंमध्ये येते, आणि ती घालावीशी वाटणं साहजिक आहे. पण बऱ्याच वर्षांपासून हवाई बेटावर ओहिआ झाडं बुरशीने झपाट्याने मरताहेत. झाडाला जिथे जखम होते, म्हणजे फांदी मोडते, साल निघते, तिथून बुरशी आत शिरते. फुलं तोडणं म्हणजे जखम करणंच. शिवाय ओहिआची फुलं, पानं, लाकूड परवान्याशिवाय या बेटावरून दुसऱ्या बेटावर नेता येत नाहीत. अनेक कुमूंनी आता लेहुआऐवजी दुसरी लाल फुलं घेतली आहेत. तुमच्या कुमूंना लेहुआच हवी असेल तर त्यांनी हिलोतल्या एखाद्या कुमूंशी बोलावं, आणि तिथले लोक जे सांगतील तेच करावं. स्वतः जंगलात शिरू नका. राष्ट्रीय उद्यानात तर परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही.

उद्यानाचा विषय निघालाच आहे म्हणून: बरेच हालाउ स्पर्धेआधी कीलाउएआ ज्वालामुखीच्या हालेमाउमाउ विवरापाशी जाऊन देवी पेलेला ओली अर्पण करतात. तुमच्या कुमूंच्या मनात असेल तर बुधवारी सकाळी जा, शुक्रवारी नको. हिलोहून पाऊण तासाचा रस्ता आहे, उंची सुमारे 1,200 मीटर, वर थंडी आणि पाऊस दोन्ही भेटतात. स्वेटर न्या, कारण तिथे गारठलेला घसा शुक्रवारी रात्री ओलीत ऐकू येतो. ज्वालामुखीच्या हालचालीनुसार काही भाग बंद असतात, आदल्या दिवशी उद्यानाची सूचना पाहा.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण गटात दोन-तीन शाकाहारी मुली आहेत असं लिहिलंय. हिलोच्या बाजारात पपई, केळी, भाज्या, टोफू भरपूर मिळतात. बुधवारी आणि शनिवारी बाजार मोठा असतो. मी भाजणी नेते. दमून आल्यावर रात्री बाराला थालीपीठ थापलं की अख्खा गट खातो, त्यात शाकाहारी कोण हे कोणी विचारत नाही. नाचायच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास शेवटचं नीट जेवण, त्यानंतर थोडा भात, केळं, पाणी. मिठाचं पाणी जवळ ठेवा, दमट हवेत घाम फार जातो.

परतीचं आत्ताच लिहून ठेवा, कारण रविवारी सगळ्या थकलेल्या असतात. हवाईहून मुख्य भूमीकडे येणारं सामान विमानतळावर कृषी विभाग तपासतो. बहुतेक लेइ नेता येतात. पण लिंबूवर्गीय झाडांची फुलं-पानं चालत नाहीत, आणि त्यात आपली कुंतीही येते, जिची सुवासिक पांढरी फुलं लेइत घालतात. कढीपत्ताही त्याच कुळातला, त्यामुळे हिलोत कोणी प्रेमाने ताजा कढीपत्ता दिला तर तो तिथेच संपवा. कोणी भेट दिलेल्या लेइमध्ये काय गुंफलंय ते घालतानाच विचारून घ्या. स्पर्धेत घातलेल्या लेइ तिथेच ठेवून यायच्या की कसं हे कुमूंना विचारा. ओहिआचं एखादं पान जरी असेल तरी ती लेइ बेटाबाहेर जाता कामा नये.

या आठवड्यात तीन कामं करा: राहायची जागा बघा, नियमपत्रक स्वतः पूर्ण वाचा आणि आरशावर चादर टाका. मेले ठरल्यावर आणि गटात नेमक्या किती जणी हे नक्की झाल्यावर लिहा, मग रांगांची मांडणी आणि फुलांचा हिशेब दोन्ही बसून पाहू.